लाइट गेली तेव्हा

"मॅडम, मी वाढणार कधी?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंना अंबिकाने भर वर्गात बेधडक विचारलं. नववीतही प्रार्थनेच्या रांगेत पहिला नंबर तिचाच. वर्ग खो खो हसला, तीही हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. "उंचीचा पाया पहिल्या दोन वर्षांतच घातला जातो गं. वेळेवर पोटभर खाणं लागतं, आणि रडलं की जवळ घेणारं कुणीतरी. तू तान्ही असताना कुठं असायचीस?"

शाळा सुटताच हेच विचारायला ती तडक यंत्रमागांच्या कारखान्यात गेली. त्या खडखडाटात आई-पप्पा तुटलेली सुतं जोडत होते. कोपऱ्यात साडीच्या झोळीत धाकटी छकुली.

"तूही इथंच वाढलीस!" आई तिच्या कानाशी ओरडली. "इतकी गुणी, कधी रडलीस म्हणून नाही!"

तेवढ्यात लाइट गेली. सगळे माग एकदम थांबले, आणि झोळीतून घोगरं, दमलेलं रडू ऐकू आलं. छकुली कधीपासून रडत होती, कुणास ठाऊक.

अंबिकाने तिला उचलून घट्ट धरलं. आपल्या वेळीही हाच कोपरा असणार. आई हाकेच्या अंतरावर, आणि हाक काही पोचत नाही.

"आई, पप्पा, लाइट यायच्या आत सांगते," ती म्हणाली. "उद्यापासून दोघांनी एका पाळीला यायचं नाही. एकानं दिवसा, एकानं रात्री. छकुली रडली की कुणाला तरी ऐकू गेलं पाहिजे. मालकांशी मी बोलते."