काल साडेबारा व्होल्ट

मीटरच्या वायरी स्कूटरच्या बॅटरीला टेकवल्या. दहा व्होल्ट, म्हणजे बॅटरी उतरलेली. काल संध्याकाळी चांगले साडेबारा होते! वैतागून पुन्हा टेकवल्या. आकडा हलेना.

"अमावस्येला निघू नकोस, सांगत होते ना?" आई दारातून म्हणाली. "नोकरी परवापासून आहे. उद्या जा."

मी चिडून चावी आणायला आत गेले. भिंतीवरचा खिळा मोकळा होता. बाहेर येऊन पाहिलं, तर चावी गाडीलाच होती, रात्रभर 'ऑन'वर राहिलेली. मी तर ती झोपण्याआधी खिळ्याला अडकवली होती.

मी आईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी गेल्यावर या घरात ती एकटीच.

जुनी गाडी, किक मारली असती तर आत्ताही सुरू झाली असती. आईला ते ठाऊक नव्हतं.

मी बॅग उचलून आत नेली.

"आई, चहा टाक गं."