जागा झाली!

लग्न ठरल्यापासून आत्या मला उंटिणीचं दूध पाजतेय, वाडग्यामागून वाडगा. आमच्या मॉरिटानियात नवरी बारीक दिसली की बापाची नाचक्की. दिवसभर मळमळतं, ढेकरांवर ढेकर येतात. ढेकर आला की आत्या म्हणते, "जागा झाली गं सल्का, घे!"

काल तिच्याच अंगावर उलटी झाली, तेव्हा कुठे मला दवाखाना दिसला. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. "पित्त नाही, जंत नाहीत. दूध अति होतंय. आता एक थेंबही द्यायचा नाही!"

आत्यानं निमूट मान डोलावली. मी मनातल्या मनात नाचले.



घरी येताच तिनं लोण्यात कालवलेल्या बाजरीची परात माझ्यापुढे सरकवली. "दूध बंद! बघ, केवढी जागा झाली!"