दोन ओळींमधला श्वास

खोक्यावरचा दिवा लागला, आणि या खेपेला काही जळाल्याचा वास आला नाही. कानसेनाने डावा हात खिशात तसाच ठेवून उजव्या हाताने व्होल्ट मोजायच्या मल्टिमीटरची काडी उचलली आणि खोक्यातल्या एका तारेला टेकवली. आकडा हवा तिथे येऊन थांबला. दुसऱ्या बाजूचाही थांबला. खोक्यात पाचशे-सहाशे व्होल्ट खेळत होते. दोन्ही हात आत घातले तर धक्का थेट काळजातून आरपार जातो, म्हणून एक हात कायम खिशात. एकदा गफलत झाली होती. दुपारभर दंड मेल्यासारखा लोंबत होता. बायकोने त्याला जमिनीवरून उठवून भिंतीला टेकवून बसवलं आणि एवढंच म्हटलं, की आता पुरे करा.

त्याने पुरे केलं नव्हतं.

कानसेन हे स्टुडिओतल्या लोकांनी ठेवलेलं नाव. तो सिनेमासाठी आवाज रेकॉर्ड करायचा. खोलीत माशी शिरली तर ती कुठल्या कोपऱ्यात बसली हे डोळे मिटून सांगायचा, म्हणून कानसेन. कामाच्या पायी वर्षातला निम्मा काळ तो परगावी असे. घरी आला की आधी मुलीला हाक मारायचा, मायक्रोफोनपुढे बसवायचा आणि गायला लावायचा. पोरीचा गळा गोड होता. ती मोठी गायिका होणार, असं त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून ठेवलं होतं. कुठे सूर जरा हलला, शब्द जरा घसरला, की पुन्हा पहिल्यापासून. तिने कधी कुरकुर केली नाही. सोळावं संपत असताना साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तेव्हाही तो परगावीच होता. येऊन पोचला तोवर सगळं आटोपलं होतं.

मागे एक टेप राहिली. तिच्या शेवटच्या गाण्याची. ती तो ऐकत राहिला, पण त्याचं समाधान होईना. टेपमध्ये सूर होता, मुलगी नव्हती. गाताना दोन ओळींच्या मध्ये ती हलकेच श्वास घ्यायची. तो श्वास समोर बसलं की ऐकू येत असे, टेपवर मात्र नुसत्या खरखरीत बुडून गेला होता. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनमध्ये केसाहून पातळ पडदा असतो, दोन जाळ्यांमध्ये ताणलेला. त्यात ओठ उघडल्याचासुद्धा आवाज येतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं. त्याने धडपड करून एक जुना जोड मिळवला. पण साध्या ॲम्प्लिफायरवर तो हूं की चूं करीना. त्याला शेकडो व्होल्ट लागत, आणि तसला ॲम्प्लिफायर काही केल्या मिळेना. मग कानसेनाने तो या खोक्यात स्वतःच करायला घेतला. मुलीच्याच खोलीत, तिच्याच टेबलावर.

बाहेरची कामं त्याने सोडून दिली. दिवसभर दार लावून बसायचा. बायको ताट झाकून दाराशी ठेवायची आणि स्वयंपाकघरात एकटी जेवून घ्यायची. तिच्याशी काय बोलावं हे त्याला सुचत नसे. ट्रान्झिस्टर जळला तर निदान काय जळलं ते तरी कळायचं.

आज काहीच जळलं नाही. त्याने हेडफोन कानावर चढवले आणि टेप लावली.

पहिली ओळ संपली आणि श्वास आला. इतका जवळून, की त्याने मान वळवून पाहिलं. मग दुसरी ओळ, मग पुन्हा श्वास. चष्मा काढून तो रडत राहिला. गाणं संपलं. एरवी तो तिथेच टेप थांबवायचा. आज बटण दिसेना. टेप पुढे फिरत राहिली. त्याचाच आवाज आला, खुशीतला, 'झालं!' मग खुर्ची सरकली, पावलं लांब गेली. त्या दिवशी त्याला न्यायला आलेली गाडी दाराशी उभी होती, टेप बंद करायचं बायकोवर सोडून तो निघाला होता. पावलांमागून थोडी खसफस आली. कपड्यांची असावी. पण ती कपड्यांची नव्हती, कुजबुज होती.

"आई, बाबांना सांगू नकोस हं."

"नाही सांगत."

त्याने टेप मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तेच होतं. तो उठला, दार उघडून स्वयंपाकघरात गेला. त्याला भर दुपारी तिथे पाहून बायको दचकली. त्याने तिला खोलीत आणलं, खुर्चीवर बसवलं, हेडफोन तिच्या कानावर ठेवले आणि गाणं पहिल्यापासून लावलं. पहिल्या सुरालाच तिने टेबलाची कड घट्ट धरली. इतक्या काळात आपण हिला एकदाही ही टेप ऐकवली नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

टेप शेवटापर्यंत गेली. बायको डोळे मिटून तशीच बसून होती. त्यानेच तिच्या कानावरचे हेडफोन काढले.

"काय सांगायचं नव्हतं मला?"

"जाऊ दे ना. आता कशाला?"

"सांग."

तिने त्याच्या हातातले हेडफोन घेऊन टेबलावरच्या खोक्याशेजारी ठेवले. मग हळू आवाजात म्हणाली, "ती मुद्दाम चुकायची. नीट म्हटलं, की तुम्ही उठून जायचात."