विहिरीकडची ओळ

रागिणीने मखमली थैलीतून अत्तराची बाटली काढली आणि सुपातल्या मोगऱ्यावर अलगद ठेवली. वामनराव शेताच्या कडेला, धुऱ्याच्या बांधावर उभे होते. त्यांना बाटलीकडे बघवेना, आणि सुपाकडे तर मुळीच नाही.

कळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या. एकीलाही भोक नव्हतं की जांभळा डाग नव्हता. "माह्या अर्काचा गुन आला मॅडम," वामनरावांची सून वच्छला हरखून सांगत होती. तीन वर्षं तिने या मोगऱ्यावर कडुलिंबाचा पाला कुजवून केलेल्या अर्काशिवाय काही पडू दिलं नव्हतं. रागिणीच्या पुण्याच्या अत्तर-कंपनीचा करारच तसा होता. एकदा जरी विषारी औषध फवारलं, तरी करार रद्द.

आणि वच्छला लग्नाला अकोल्याला गेलेली असताना वामनरावांनी फवारलं होतं. चार दिवसांपूर्वी एकदा, खात्रीसाठी काल दुपारी पुन्हा. पंप शेजारच्या गजेंद्रचा, औषधही त्याचंच, लाल तिकोनाचं, म्हणजे सगळ्यात जहाल. फवारताना त्यांनी तोंडाला दुपट्टा घट्ट बांधला होता. फोटो निघणार, तो मोठमोठ्या शहरांत जाणार, आणि त्यात किडक्या कळ्या? पाहुणे मुलगी बघायला यावेत आणि अंगणही झाडलेलं नसावं, तसं झालं असतं ते.

शहरातल्या राजापेठेतल्या फोटो स्टुडिओची प्रतीक्षा गुडघे टेकून बाटलीचे फोटो काढत होती. तिचा हात लग्नांवर बसलेला. नवरी काय नि बाटली काय, उजेड चेहऱ्यावर हवा, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. बाटलीचं बूच लाकडी, लेबल उसाच्या चिपाडापासून केलेल्या कागदाचं. या सुगंधासाठी एका मुंगीलाही इजा झालेली नाही, असं त्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं. किंमत छापलेली नव्हती. अशा बाटल्यांना ते शोभत नाही.

"आता माणूस हवं," रागिणी म्हणाली. "वच्छलाताई, ओंजळ भरून कळ्या घ्या. चेहरा त्यात बुडवा आणि खोल श्वास घ्या."



"बाटलीचाच काढा न मॅडम," वामनराव धुऱ्यावरून ओरडले. "ऊन चढून राहिलं."

"पाचच मिनिटं, काका."

"तिले सर्दी हाय."

"मले कुठं सर्दी हाय, मामाजी?" वच्छला हसली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने ओंजळ भरली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा एकटीचा फोटो निघत होता. सर्दी असती तरी तिने सांगितली नसती.

प्रतीक्षाने एक फोटो काढला, कॅमेऱ्यात बघितला आणि मान हलवली. "अजून जवळ, ताई. नाक झाकलं तरी चालते. ओठ टेकू द्या कळ्यांना."

एका दिवसात औषध उडून जातं, असं गजेंद्र म्हणाला होता. गजेंद्र काहीही म्हणतो. त्याचाच गडी गेल्या साली कपाशीत फवारता फवारता पडला, दोन महिने दवाखान्यात राहिला, आणि अजून त्याला धड दिसत नाही.

वच्छलाने डोळे मिटले. मान खाली झुकली.

सासऱ्याने सुनेच्या अंगाला हात लावायची त्या घरात रीत नव्हती. पंचवीस वर्षांत चहाचा कपसुद्धा ती बाजेवर ठेवायची आणि ते तिथून उचलायचे. वामनराव धुरा उतरून धावले आणि त्यांनी तिच्या दोन्ही मनगटांवर फटका मारला. कळ्या मातीत उधळल्या. बाटली सुपात आडवी झाली. करार त्यांना त्या घडीला आठवलाही नाही.

"नोको हुंगू!" त्यांचा आवाज फाटला. "फवारलं म्या. औषध फवारलं. हात धू पयले, साबनानं धू!"

वच्छला मनगट धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही फवारलंत?" रागिणीने विचारलं. तिचा हात फोनकडे गेला होता.

"तुमीच म्हन्लं होतं न, फोटूत एकबी डाग नोको."

रागिणी म्हणाली होती खरी. मागच्या आठवड्यात, फोनवर, चांगलं तीनदा. "मला ऑफिसला कळवावं लागेल," एवढंच म्हणाली आणि तिने नंबर लावला.

वच्छला हौदावर गेली. तिने कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, पदराला पुसले. मग सासऱ्यांकडे न बघता विचारलं, "सारंच फवारलं, मामाजी?"

"विहिरीकडची वळ रायली. औषध सरलं."

ती विहिरीकडच्या त्या शेवटच्या ओळीत गेली आणि शोधून शोधून एक कळी खुडून घेऊन आली. भोक पडलेली, अर्धी जांभळी झालेली. सुपातली बाटली पदरात धरून तिने उचलली, पाण्याने धुतली, हौदाच्या कठड्यावर उभी केली आणि कळी तिला टेकवून ठेवली. जरा वेळ काहीच झालं नाही. मग भोकातून काळ्या डोक्याची एक हिरवट अळी बाहेर आली, अंग उचलून तिने इकडेतिकडे चाचपलं, आणि ती काचेवर चढू लागली.

प्रतीक्षाने कुणाला न विचारता कॅमेरा डोळ्याला लावला.

रागिणीच्या कानाशी फोनवर कोणीतरी 'हॅलो, हॅलो' म्हणत होतं. सवयीने तिने पर्समधून टिशू काढला आणि अळी पुसायला हात पुढे केला.

"राहू द्या मॅडम," वच्छला म्हणाली. "जित्ती हाय थे."