कोपऱ्यातलं टेबल

बाबांच्या पंचाहत्तरीच्या जेवणासाठी उपनगरातली सगळी चांगली हॉटेलं सुचवून झाली, पण ते एकाच ठिकाणी अडून बसले: आई गेल्यावर आम्ही विकलेला आमचा बंगला. आता तिथं रेस्टॉरंट झालंय. बरं, तिथंही हिरवळीवरची छान टेबलं सोडून त्यांना बसायचं कुठं, तर आमच्या जुन्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात!

वेटर माझ्या कानाशी कुजबुजला, "साहेब, आजोबांना तिथं नका बसवू. गिऱ्हाइकं जेवता जेवता उठून जातात. म्हणतात, मागून कोणी बाई सारखी विचारते, 'अजून वाढू का?'"

मी दचकून वळलो, तोवर बाबा बसलेसुद्धा होते.



समोरची रिकामी प्लेट जरा पुढे सरकवून, मागे न बघताच ते म्हणाले, "थोडंच वाढ गं."