लालबटन

"रविवारी भेटू या. सकाळी अकराला. येशील ना?"

पडद्यावर ओळ उमटली आणि गुणवंतरावांचं बोट कीबोर्डवर तसंच थबकलं. आठ महिन्यांत लालबटनने भेटायचं नाव कधी काढलं नव्हतं.

"अचानक?" त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं.

"पुण्याला नोकरी लागली. मंगळवारी निघतोय. जायच्या आधी एकदा भेटायचंच आहे."

बाहेरून दुर्गाबाईंचा आवाज आला. "अहो, कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही. बातम्या वाचतोय."

दुर्गाबाई आत आल्या नाहीत. कौस्तुभ गेल्यापासून त्यांनी त्याच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

वरसावे पुलाच्या अलीकडे त्याची बाइक घसरली होती. सव्वीस वर्षांचा मुलगा सकाळी चहा पिऊन बाहेर पडला आणि दुपारी फोन आला. तेरावं झाल्यावर एका संध्याकाळी गुणवंतरावांनी त्याचा कॉम्प्युटर चालू केला. त्यांना फोटो हवे होते, बाकी काही नाही. पण मेसेंजर आपोआप उघडला, कौस्तुभच्या नावापुढचा दिवा हिरवा झाला आणि लालबटन नावाच्या कुणीतरी लगेच विचारलं, "आलास?"

त्या एका शब्दाकडे ते किती तरी वेळ बघत बसले. रात्री नऊला कौस्तुभ घरी आला की दाराशी जाऊन ते स्वतः हेच विचारायचे. खरं काय ते लिहायला हवं होतं. लिहिलं गेलं, "हो."

तिथेच ते अडकले.

दुसऱ्या दिवशी लालबटनने एका जपानी चित्रकथेचा विषय काढला. गुणवंतरावांनी कौस्तुभचं कपाट उघडलं. कॉमिक्सचे गठ्ठे, जुन्या व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कॅसेटी, दोन जॉयस्टिक. या पसाऱ्यावरून बापलेकांची कितीदा जुंपली होती. "बाप्या झालास, आता तरी सोड हे," असं ते म्हणायचे. आता त्यातलंच एकेक पुस्तक ते चष्मा लावून परीक्षेला बसल्यासारखं वाचू लागले.

पहिलीच जपानी चित्रकथा त्यांनी डावीकडून उघडली. नायक पहिल्याच पानावर मेलेला. "फारच दुःखी सुरुवात आहे," त्यांनी लिहिलं.

थोड्या वेळाने उत्तर आलं, "तो शेवट आहे. ही पुस्तकं उजवीकडून वाचायची. होतं असं कधी कधी. पुन्हा वाच, मी थांबतो."

पोरगा समजूतदार होता. चुकलं तर हसायचा नाही. जुनी कॅसेट चालत नसेल तर टोक कसं पुसायचं, कॉमिकवरून काढलेला सिनेमा मूळ कॉमिकपेक्षा का फसतो, सगळं सावकाश सांगायचा. "तुला माहीतच आहे, तरी सांगतो," अशी सुरुवात करायचा. एकदा एका खलनायकावरून गुणवंतराव त्याच्याशी तासभर भांडले. तो खरा वाईट नाही, त्याला घरात कुणी समजून घेतलं नाही, असं त्यांचं म्हणणं. संगणक बंद केल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आज आपण कौस्तुभच्या नव्हे, स्वतःच्या मनातलं बोललो.

रोज संध्याकाळी ते ठरवायचे, आज सांगून टाकू. मग हिरवा दिवा लागायचा, "आलास?" यायचं आणि हात आखडायचा. एकदा गेलेलं पोरगं आपल्याच हाताने पुन्हा मारायचं, तेही त्याच्या मित्राच्या देखत? आणि न सांगावं, तर हा बिचारा कुणाशी बोलतोय? दोन्हीकडून दार बंद. आठ महिने त्यांनी त्या खोलीत तसेच काढले.

पण पुण्याला निघालेल्या पोराला असं फसवून पाठवायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"येतो," त्यांनी लिहिलं. "पण एकमेकांना ओळखणार कसं?"

"मी ओळखीन."

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते भाईंदर पश्चिमेला आले. स्टेशनजवळच्या उडपी हॉटेलात ठरलं होतं. रिक्षात त्यांनी वाक्यं जुळवली. आधी माफी मागायची. मग सांगायचं. पोरगा चिडेल, ओरडेल, कदाचित रडेल. सगळं ऐकून घ्यायचं.

हॉटेलात गर्दी होती. ते दारात उभे राहून एकेक तरुण चेहरा न्याहाळू लागले. कोपऱ्यातल्या टेबलावरचा एक उंच मुलगा झटकन उठला, सरळ त्यांच्यापाशी आला आणि वाकून पाया पडला.

"मी साईराज. लालबटन."

गुणवंतराव गडबडले. "तू... अरे, तू कौस्तुभची वाट बघत असशील."

"बसा ना, काका. चहा सांगतो."

"चहा नको. आधी माझं ऐकून घे." बसता बसता त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "मी त्याचा बाप. कौस्तुभ येणार नाही, बाळा. तो नाहीच आता. इतके दिवस तुझ्याशी मीच बोलत होतो. तुझा फार मोठा गुन्हेगार आहे मी. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं, पण तू 'आलास?' म्हणालास आणि मला..."



साईराजने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्याचेही डोळे भरून आले होते.

"काका, तुम्ही मडकं धरून पुढे चालत होतात ना," तो म्हणाला, "तेव्हा तुमच्या पाठीमागे पहिला खांदा माझा होता."