राजीखुशीने

दादासमोर नाही म्हणायची अनसूयेची हिंमत नव्हती; माहेरच तुटलं असतं. पण नोंदणी कार्यालयातल्या यंत्रावर अंगठा टेकवला, की ते नाडीवरून कागदातल्या शब्दांचं खरंखोटं करतं, हे तिनं ऐकलं होतं. हक्कसोडपत्रात 'राजीखुशीने' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या असतोच. त्या शब्दाशी यंत्रच अडेल, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, एवढ्याच भरवशावर ती आली होती.

पडद्यावर एकच ओळ उमटली: अनसूयेचा वडिलांच्या जमिनीतला हिस्सा यापुढे तिच्या भावाचा.

"साहेब, यात 'राजीखुशीने' नाही?" तिनं हळूच विचारलं.

"फालतू शब्द आता यंत्रच गाळतं, ताई," कारकून म्हणाला. "ज्याच्यावाचून काही अडत नाही, तो शब्द फालतू. आजवरची सगळी हक्कसोडपत्रं तपासली त्यानं. बहीण राजी असो नसो, जमीन भावाकडेच गेलेली."

दादानं मायेनं तिचा हात धरून अंगठा काचेवर टेकवला. नाडी धडधडत होती, पण यंत्राला तपासायला शब्दच उरला नव्हता. दिवा हिरवा झाला.

"चल," दादा म्हणाला, "वहिनीनं सकाळीच पुरण घातलंय."